नेहमीसारखं वागा

"नेहमीसारखं म्हणजे नक्की कसं?" यागोदाकाकूंनी विचारलं. त्यांच्या तळहातावर आंबवलेल्या कोबीचं पान पसरलेलं होतं, आणि पानावरचा खिमा केव्हाचा गुंडाळून घ्यायची वाट बघत होता.

"नेहमीसारखं म्हणजे नेहमीसारखं," रुझा म्हणाली.

"अगं बाई, असं सांगून कसं चालेल? मी नेहमी कशी वागते ते मला काय ठाऊक? मी थोडीच समोर बसून मला बघत असते?"

देसांकाला हसू फुटलं, आणि हसल्याबद्दल स्वतःचाच राग येऊन तिनं भट्टीचं दार आदळलं. तिची लेक आज या घरातून नाहीशी व्हायची होती आणि जाऊबाईंना विनोद सुचत होते. पण यागोदाकाकू विनोद करत नव्हत्या. त्या खरंच घाबरल्या होत्या. घाबरल्या की त्या प्रश्न विचारत, आणि त्यांचे प्रश्न जरा जास्तच मोठ्या आवाजात निघत.

आज जुर्जित्स. संत जॉर्जचा थंडीतला दिवस, आणि देसांकाचा नवरा गव्रिलो याच्या घराण्याचा संत तोच. या दिवसाचं आमंत्रण कुणी कुणाला देत नाही. ज्याला आठवण आहे तो येतो, आणि आलेल्याला उंबऱ्यावरून परत पाठवायचं नसतं, मग तो शेजारी असो, सावकार असो की वाट चुकलेला वाटसरू. ही प्रथा ऐकून रुझा खूश झाली होती. ती शहरात बायकांसाठीची मदतीची फोनलाइन चालवायची, आणि देसांकाची लेक कोसारा दळणाच्या निमित्तानं तालुक्याला जायची तेव्हा तिच्याशी बोलत आली होती. "म्हणजे मी आले तर मला कुणी विचारणार नाही, ही बाई कोण?" तिनं तेव्हा विचारलं होतं. "विचारलं तर विचारणाऱ्याचीच लाज जाईल," कोसारा म्हणाली होती. तिथंच सगळं ठरलं. कोसाराचा नवरा मिलेन्को तिला एरवी कुठं पाठवत नसे, पण बापाच्या घरच्या सणाला पाठवायचं नाही म्हणजे अख्ख्या गावाला चघळायला विषय. तो दिवसभर लाकडाच्या गिरणीत असणार आणि संध्याकाळी येणार. तोवर घर माणसांनी भरेल, पादरी संताच्या नावाची रोटी कापून जाईल, आणि रुझा कोसाराला आणि तिच्या छोट्या लेकीला, लेंकाला, आपल्या गाडीतून घेऊन निघेल. कागदपत्रं आधीच गाडीत होती. कोसारानं ती एकेक करून लेंकाच्या बुटांच्या तळाशी घालून घराबाहेर काढली होती.

"आणि ही जाणार त्या शहराचं नाव?" काकूंनी विचारलं.

"ते कुणालाच सांगायचं नाही," रुझा म्हणाली.

"मलासुद्धा नाही?"

"काकू," कोसारा कांदा चिरता चिरता म्हणाली, "तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही."

काकूंनी तोंड उघडलं, मिटलं, आणि पान गुंडाळलं. "ते मात्र खरंय," त्या म्हणाल्या.

दारातून गव्रिलो डोकावला. सणाचा पांढरा सदरा, पाणी लावून चापून बसवलेले केस. "मला अजून वाटतं," तो म्हणाला, "मी एकदा त्याच्याशी बोलतो. पुरुषासारखं."

"कुऱ्हाडीचा दांडा घेऊन?" देसांकानं विचारलं.

"दांडा नुसता हातात असेल."

"बाबा," रुझा त्याला बाबाच म्हणायला लागली होती, "तुम्ही तुरुंगात जाल, आणि तो तिच्याकडे फुलं घेऊन येईल."

फुलांचं गव्रिलोला ठाऊक होतं. कोसारा याआधी दोनदा माहेरी आली होती आणि दोन्ही वेळा मिलेन्को फुलं घेऊन, डोळ्यात पाणी आणून आला होता. फुलं सुकायच्या आत तिच्या दंडावर नवे वळ उठले होते.

"बाई निघते ना, तेव्हाच सगळ्यात मोठा धोका असतो," रुझा म्हणाली. "म्हणून भांडण नको, जाब नको, टोमणा नको. तो आलाच तर त्याला काही वेगळं वाटता कामा नये. त्यानं काही सुरू केलंच, तर देसांकाताई फोन करतील. ठाण्यात मी सांगून ठेवलंय. बाकी सगळ्यांनी..."

"नेहमीसारखं," काकू म्हणाल्या आणि त्यांनी छातीवर क्रॉसची खूण केली.

*

गिरणीची मोटर जळाली. कुणाच्या योजनेत नसलेली ती एकच गोष्ट, आणि ती भर दुपारी झाली.

मिलेन्कोला फाटकातून आत येताना गव्रिलोनं पाहिलं. त्यानं घातलेल्या शर्टाची इस्त्री त्याच्या स्वतःच्या हातची असणार, कारण पाठीवर जळका डाग दिसत होता. बगलेत आलुबुखाराच्या दारूची बाटली. उंच, देखणा, चारचौघात हसतमुख माणूस. लग्नात गव्रिलोनंच म्हटलं होतं, असा जावई शोधून सापडायचा नाही. आता त्याचे हात आपोआप मुठी झाले. त्यानं त्या पाठीमागे लपवल्या आणि रुझाचे शब्द आठवले.

"या, या, जावईबापू!" तो म्हणाला. "आपण आलात, फार आनंद झाला. आत यावं."

मिलेन्को पायरीवरच थांबला. सात वर्षांत सासऱ्यानं त्याला 'आपण' म्हटलं नव्हतं. 'आलास का रे, लाकूडतोड्या' हे या दाराचं स्वागत होतं.

"तब्येत बरी आहे ना?" त्यानं विचारलं.

"उत्तम! आपल्या आशीर्वादानं."

आत टेबलाभोवती पादरी होता, शेजारचे म्हातारे होते, गिरणीवरचा हिशेबनीस होता. एका कोपऱ्यात मिलेन्कोला अनोळखी वाटणारी एक बाई गुडघ्यावर बशी ठेवून शांतपणे जेवत होती. तो दिसला तेव्हा तिचा काटा क्षणभर थांबला, आणि मग परत चालू लागला.

यागोदाकाकू पुढं झाल्या. एरवी त्या जावयाच्या ताटात सारमा, म्हणजे खिमा भरलेली कोबीची गुंडाळी, वाढताना "खा, म्हणजे तुझ्या आईच्या हातचं विसरशील" असं म्हणत. आज त्यांनी दोन्ही हातांनी ताट धरलं, पूजेचं असावं तसं. "आपण दमून आला असाल. खुर्ची घ्यावी. उशी हवी का पाठीला?"

"उशी?" मिलेन्को म्हणाला.

"दोन आणते," काकू म्हणाल्या.

तो बसला. पाठीशी दोन उशा. देसांकानं त्याला सूप वाढलं आणि "गरम आहे, जपून" म्हणाली. त्यानं मागच्या वर्षीच्या निवडणुकीचं काहीतरी बोलून बघितलं. या घरात त्या विषयावर ताटं फुटली होती. गव्रिलो म्हणाला, "आपलं म्हणणं विचार करण्यासारखं आहे."

बँकेत कर्ज मागायला गेल्यावर साहेब नाही म्हणण्याआधी असंच गोड बोलतो, मिलेन्कोच्या मनात आलं. त्यानं चमचा खाली ठेवला. सगळे त्याच्याकडे बघून हसत होते आणि सगळ्यांचे ओठ सारखेच ताणलेले होते. ती कोपऱ्यातली बाई एकटी हसत नव्हती. त्यानं कोसाराकडे बघितलं. मग खिडकीतून अंगणात उभ्या असलेल्या, अनोळखी नंबरच्या गाडीकडे बघितलं.

"कोसारा," तो म्हणाला, "कोट घाल. घरी जाऊ."

*

त्याचा आवाज खाली गेला होता.

हे टेबलाभोवतीच्या कुणाला कळलं नसतं. बाकीच्यांना त्याची भीती वाटे ती तो ओरडला की. कोसाराला तो ओरडायला लागला की उलट हायसं वाटे, कारण ओरडणं भिंतींवर आदळायचं, शेजाऱ्यांना ऐकू जायचं. आवाज खाली गेला की मात्र तिला दारं, कोपरे आणि लेंका कुठं आहे हे एकाच वेळी दिसायला लागे. लेंका टेबलाखाली अक्रोडाच्या टरफलांच्या होड्या करत होती.

"सूप तर होऊ दे," ती म्हणाली.

"कोट घाल."

रुझानं बशी खाली ठेवली. आईचा हात एप्रनच्या खिशात, फोनवर गेला. आता फोन केला तर पोलीस यायच्या आत तो तिला गाडीत बसवेल. नाही केला तरी बसवेल. बाबा पाठीमागे मुठी आवळून नम्रपणे उभे होते, काकू तिसरी उशी घेऊन उभ्या होत्या, आणि ते चित्र बघता बघता कोसाराला कळलं. ही सगळी वेडी माणसं त्याच्याशी चांगली वागतायत. या घरात कुणी कुणाशी चांगलं वागतं ते फक्त कुणी मेलं की. म्हणून त्याला संशय आला.

तिला हसू आलं. भीतीच्या खालून, पोटाच्या तळातून. तिनं काट्यानं सारमेचा तुकडा तोडला, तोंडात घातला आणि बोलायच्या आधी नीट चावला.

"काकू," ती म्हणाली, "यंदाची सारमा खारट झालीय गं."

काकूंच्या हातून उशी पडली.

"काय म्हणालीस?"

"खारट. म्हणजे वाईट नाही. पण मिलेन्कोच्या आईच्या हातची जास्त बरी लागते."

रुझा काही म्हणणार होती, पण तिला वेळच मिळाला नाही. यागोदाकाकूंच्या डोक्यातून योजना, शहर, संत जॉर्ज, सगळं एका झटक्यात उडालं. चाळीस वर्षं त्या ही सारमा करत होत्या आणि चाळीस वर्षांत तिला नावं ठेवायची कुणाची छाती झाली नव्हती.

"खारट? माझी? आणि त्या बाईची बरी? जी कोबीला पिंपात मीठ नाही, पाप घालते? अगं, तिच्या घरचं एक तरी सरळ आहे का? तिचा नवरा दारूत साखर घालतो!"

पादऱ्यानं पेला खाली ठेवला.

या भागात माणसाला चोर म्हटलं तर तो हसेल, बायकोबद्दल काही म्हटलं तर मान खाली घालेल. पण आलुबुखार कमी पडले म्हणून तो पिंपात साखर घालतो, असं म्हटलं की दोन पिढ्या जाणं-येणं बंद होतं.

"कोण साखर घालतं?" मिलेन्को म्हणाला. त्याचा आवाज चढला. कोसारानं श्वास सोडला.

"तुझा बाप! सगळ्या गावाला ठाऊक आहे, लाकूडतोड्या! वाण्याकडून पोती उचलताना माझ्या डोळ्यांनी बघितलंय!"

"ती मधमाश्यांना! बाबा मधमाश्या पाळतात!"

"मधमाश्या? मग त्यांनाच पाज ती दारू, माणसांना कशाला देतोस? त्या प्यायल्या तर पोळं सोडून पळतील!"

शेजारचा म्हातारा खोकून खोकून हसला. गव्रिलोला अचानक आपले हात सापडले. त्यानं ते पाठीमागून काढले आणि एक हात टेबलावर आपटला. "साखर आहेच!" तो गरजला, आणि इतक्या दिवसांनी मनापासून ओरडायला मिळाल्यामुळे त्याचे डोळे भरून आले. "मी लग्नातच चाखली होती! तीन दिवस डोकं दुखत होतं!"

"तीन दिवस डोकं दुखलं कारण तुम्ही बादलीभर प्यायलात!"

"साखरेनं दुखतं! आलुबुखारानं दुखत नाही!"

"फादर!" मिलेन्को उठला. दोन्ही उशा जमिनीवर. त्यानं स्वतःच आणलेली बाटली टेबलावर आदळली. "तुम्ही सांगा. देवाची शपथ घेऊन सांगा."

पादरी गंभीर झाला. त्यानं बाटली हलवून उजेडात धरली, बुडबुड्यांचा मणी किती वेळ टिकतो ते बघितलं. "एका पेल्यावरून सांगता येणार नाही," तो म्हणाला. सगळे टेबलाभोवती दाटले. हिशेबनीसानं बाही वर केली. कुणीतरी म्हणालं, तळहातावर चोळून वास घ्या. कुणीतरी म्हणालं, पेटवून बघा.

कोट घालण्याचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

*

मागच्या दाराशी देसांका उभी होती. रुझा लेंकाला "चल, गाडीत बसून गंमत करू" म्हणत पुढं घेऊन गेली होती. लेकराला काही सांगायचं नाही, गुपिताचं ओझं तिच्यावर नको, असं रुझानंच ठरवलं होतं.

कोसारा आली. नुसत्या स्वेटरवर. कोट समोरच्या खोलीत खुंटीवर होता आणि तो तिथंच राहायला हवा होता. देसांकानं आपला काढून तिच्या खांद्यावर टाकला.

तिला लेकीला धरून रडायचं होतं. तिला सांगायचं होतं की तू जन्मलीस तेव्हा बर्फ इतका होता की सुईण स्कीवर आली. तिला विचारायचं होतं की कुठं जातेस, तिथं चूल आहे का, लेंकाला तिथं दूध देतील का. पण अंगणापलीकडे शेजारीण कपडे वाळत घालत होती. देसांकानं चुलीवरचं पातेलं उचललं, सणाला माहेराहून जाणाऱ्या प्रत्येक लेकीच्या हातात देतात तसं तिच्या हातात दिलं, आणि मोठ्यानं म्हणाली,

"झाकण परत आण. मागचं एक अजून तुझ्याचकडे आहे."

कोसारानं पातेलं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "आणते," ती म्हणाली.

"नेहमी म्हणतेस."

"आणते गं, आई."

गाडी सुरू झाल्याचा आवाज समोरच्या खोलीत गेला नसेल, कारण तिथं पादऱ्यानं तिसरा पेला मागितला होता.

*

"साखर," पादरी शेवटी म्हणाला, "नाही."

मिलेन्कोनं दोन्ही हात वर केले. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. यागोदाकाकू म्हणाल्या की फादरची जीभ लहानपणीच भाजली होती. मिलेन्को हसत होता. जिंकल्यावर त्याला बघायला कुणीतरी लागायचं.

"कोसारा," तो मागं वळला, "ऐकलंस का?"

तिच्या खुर्चीत कुणी नव्हतं. कोपरा रिकामा होता. अंगणही.

तो हळू चालत गव्रिलोपाशी आला. "कुठंय?" त्यानं विचारलं. आता आवाज परत खाली गेला होता, आणि या वेळी तो गव्रिलोलाही ऐकू आला. लेकीनं सात वर्षं काय ऐकलं असेल, ते त्या एका शब्दात त्याला ऐकू आलं.

"माहीत नाही," तो म्हणाला.

"खोटं बोलू नका."

"माहीत नाही रे, मिलेन्को. मला माहीत नाही."

मिलेन्कोनं त्याची कॉलर धरली. पांढऱ्या सदऱ्याचं बटण तुटून सुपात पडलं. गव्रिलोनं हात उचलला नाही. उचलला असता तर फार बरं वाटलं असतं, त्याला ठाऊक होतं. ओसरीतून देसांकाचा आवाज येत होता, दूधवाल्याला उद्या एक लिटर जास्त सांगावं तसा: पत्ता, नाव, हो, आत्ता, हो, अंगाला हात लावलाय. पादरी उठला. हिशेबनीस उठला. म्हातारे काठ्यांसकट उठले आणि कुणी काही न बोलता दोघांच्या भोवती दाटले, मघाशी बाटलीभोवती दाटले होते तसेच. यागोदाकाकू दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

पोलीस आले तेव्हा मिलेन्को खुर्चीत बसून रडत होता आणि फुलांचं दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं ते विचारत होता. तिच्या आसपास फिरकायचं नाही, असा हुकूम त्याला ठाण्यात वाचून दाखवतील, पोलीस म्हणाला. त्याला गाडीत बसवून नेलं. गव्रिलो बटण नसलेली कॉलर धरून अंगणात उभा राहिला. गाव चार रस्त्यांनी बाहेर जातं. तो चारही रस्त्यांकडे बघत राहिला. कुठल्या रस्त्याकडे बघून हात हलवायचा, ते त्याला कळेना.

*

देसांकाचा फोन आला तेव्हा त्यांनी नदीवरचा पूल ओलांडला होता. रुझानं ऐकलं, "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. "नेलं त्याला," ती आरशातून कोसाराला म्हणाली. "वडील ठीक आहेत. आज तो मागं येत नाही. उद्या सकाळी आपण कोर्टाचं बघू."

कोसारानं मान हलवली. मांडीवरचं पातेलं अजून गरम होतं. तिला आनंद व्हायला हवा होता, पण काही होत नव्हतं. बाहेर सपाट, नांगरलेली, काळी शेतं आणि त्यांच्यावर धुकं.

शेजारी लेंकाच्या मुठीत सणाच्या केकचा तुकडा होता, गुलाबी साखरेचा. गाडीनं खड्डा घेतला. तुकडा खाली पडला आणि सीटखाली गेला.

"माझा केक," लेंका म्हणाली.

"दुसरा देऊ हं, तिथं पोचलो की."

"मला तोच हवा."

"तो घाण झाला, राणी."

लेंकाचा खालचा ओठ बाहेर आला. मग तिनं तोंड उघडलं आणि किंचाळली. पाय सीटवर आपटले, एक बूट काढून फेकला, तो रुझाच्या मानेला लागला. "तोच हवा! तोच! तोच!"

रुझानं गाडीचा वेग कमी केला. "थांबवू का? काढून देऊ का तिला?"

कोसारा लेकीकडे बघत होती. पाच वर्षांचं हे लेकरू घरी कधी असं रडलं नव्हतं. घरी ती स्वेटरच्या बाहीत तोंड खुपसून रडायची. शेजारणी म्हणत, किती शहाणी गं तुझी मुलगी, आवाज म्हणून नाही. कोसारा तेव्हा हसून "हो" म्हणायची, आणि रात्री तिच्या बाह्या धुवायची.

"नको," ती म्हणाली. "रडू दे."

"कान फुटतील माझे."

"फुटू देत." कोसाराचे गाल ओले झाले होते आणि ती हसत होती. ती लेंकाकडे वाकली. "लेंका, अजून मोठ्यानं."

असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. लेंका रडायची थांबली. तिनं आईच्या चेहऱ्याकडे संशयानं, नीट निरखून बघितलं. यात काही डाव नाही ना? मग तिनं भरपूर श्वास घेतला आणि तोंड पूर्ण उघडलं.